लिचेसची ‘स्टडी’: कास्पारोव–टोपालोव डाव चवीनं बघायला किती कामाची?

नेदरलँड्समधल्या विक आन झी इथली हूगोव्हन्स स्पर्धा, २० जानेवारी १९९९, गॅरी कास्पारोव (पांढरे) विरुद्ध व्हेसेलिन टोपालोव (काळे). ४४ खेळींच्या या डावात काळ्या राजाला आपल्या घरातून उठून पार पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत, डी१वर यावं लागलं. वाटेत त्यानं एक घोडा आणि तीन प्यादी खाल्ली, तरी काळे हरले. बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येकाला हा डाव कुणी ना कुणी दाखवतंच. पण दाखवला जातो तो बहुतेक वेळा धावत्या व्हिडिओत: हत्ती दिला, घोडा दिला, राजा पळाला, टाळ्या. हत्ती दिला तेव्हा नेमकं काय विकत घेतलं, हे त्यात कळत नाही.

ते कळावं यासाठी लिचेस या बुद्धिबळाच्या फुकट संकेतस्थळावरची ‘स्टडी’ ही सोय कितपत कामाला येते, ते या परीक्षणात पाहिलं आहे. लिचेसवर खेळणं, कोडी सोडवणं, स्पर्धा भरवणं हे सगळं होतं. ते इथे बाजूला ठेवलं आहे. कसोटी एकच, बळी देऊन चढवलेला हल्ला समजून घेत बघता येतो का.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो मोबाइलवरच्या गैरसोयीसाठी. या कामाला इतकं चांगलं आणि पूर्णपणे फुकट असं दुसरं साधन नाही. मात्र ते जसं समोर येतं तसंच वापरलं तर या डावाची गोडी मारून टाकतं. पटाशेजारी उभी राहणारी ती मूल्यमापनाची पट्टी आणि तिच्यावरचा आकडा हाच या साधनाचा सर्वांत मोठा धोका आहे.

साधन काय आहे

थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० मध्ये लिचेस सुरू केलं. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, प्रोग्राम सर्वांना खुला आहे, खर्च देणग्यांतून भागतो. जाहिराती नाहीत, आणि पैसे देणाऱ्याला एक आणि न देणाऱ्याला दुसरं असा भेदही नाही. चेस डॉट कॉमवर फुकट खात्याला ‘गेम रिव्ह्यू’ मोजकेच मिळतात. इथे तसं काही नाही. चेसबेस हे व्यावसायिकांचं साधन, ताकदीचं आहे, पण विकत घ्यावं लागतं आणि शिकायलाही वेळ लागतो.

स्टडी म्हणजे एक वही समजा. वहीत चॅप्टर, जास्तीत जास्त ६४. प्रत्येक चॅप्टरमध्ये एक पट, त्यावर मुख्य डाव, हव्या तितक्या उपशाखा, प्रत्येक खेळीखाली टीप, खेळीवर उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह, पटावर रंगीत बाण. टिपा मराठीत लिहिल्या तर देवनागरी नीट दिसते, जोडाक्षरं तुटत नाहीत. भाषांच्या यादीत मराठीही आहे, पण स्टडीतल्या बटणांची नावं इंग्रजीतून ओळखीची करून घेतलेली बरी. मदतीची पानं आणि व्हिडिओ त्याच नावांनी बोलतात. खात्याच्या सेटिंगमध्ये खेळी अक्षरांऐवजी मोहऱ्यांच्या चित्रांनी दाखवण्याची सोय आहे. मुलांसाठी वही करत असाल तर ती आधी चालू करा. घोड्यासाठी इंग्रजी अक्षर कोणतं, या गोंधळात निम्मा तास जातो.

डाव आत आणणं

नवा चॅप्टर करताना पाच वाटा दिसतात: कोरा पट, एडिटर, दुवा, एफईएन (एका क्षणाची पटाची मांडणी सांगणारी एक ओळ) आणि पीजीएन (पूर्ण डावाच्या खेळींचा मजकूर). डाव पूर्ण आणायचा तर पीजीएन चिकटवणं सोपं. हा डाव सगळीकडे मिळतो, पण मिळालेला मजकूर तपासून घ्या. हातानं टाइप केलेल्या प्रतींत काही ठिकाणी हमखास घोटाळा असतो, त्यांतली ही दोन उदाहरणं. सातव्या खेळीला पांढऱ्याचे दोन्ही घोडे ई२वर जाऊ शकतात, आणि बाविसाव्या खेळीला काळ्याचे दोन्ही घोडे डी५वर मारू शकतात. कोणता घोडा, हे लिहिलं नसेल तर डाव तिथेच अडतो किंवा भलतीकडे जातो. पहिल्या वेळी जीवरचा घोडा, दुसऱ्या वेळी बीवरचा.

मास्टर डावांच्या साठ्यातूनही डाव शोधता येतो. पुस्तकाचं चिन्ह दाबून ‘मास्टर्स’ निवडायचं आणि खेळी टाकत जायचं, तशी डावांची यादी आकसत जाते. या साठ्यात १९५२ नंतरचे, २२०० आणि त्यावर रेटिंग असलेल्या खेळाडूंचे डाव आहेत. म्हणून अँडरसन–किझेरित्स्की, लंडन १८५१, किंवा रॉटलेवी–रुबिन्स्टाइन, लॉड्झ १९०७ असे जुने बळींचे डाव तिथे शोधू नका. त्यांचा पीजीएन बाहेरूनच आणावा लागतो.

एकाच चॅप्टरमध्ये ४४ खेळी कोंबू नका. या डावाचे चार तुकडे नैसर्गिकपणे पडतात: पहिल्या २३ खेळी, मग २४ ते २७, मग २८ ते ३१, आणि ३२पासून शेवटपर्यंत. तुकडा करायचा तर हव्या त्या खेळीवर थांबून पटाखालच्या चौकटीतली एफईएन ओळ उचलायची आणि नव्या चॅप्टरमध्ये एफईएनच्या खणात टाकायची. असं केलं की खेळींचे क्रमांक मूळ डावाप्रमाणेच राहतात. एडिटरमध्ये हातानं मोहरे मांडले तर मोजणी १पासून सुरू होते आणि पुढे टिपांशी मेळ बसत नाही. हातानं मांडायचंच असेल तर खेळी कुणाची आहे ते आधी ठरवा आणि कॅसलिंगच्या चारही खुणा काढून टाका.

पहिल्या तुकड्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. पिर्क बचाव, दोन्ही बाजूंचं वजिराकडचं कॅसलिंग, पांढऱ्याचा घोडा ए५वर, उंट एच३वर. नजर ठेवायची ती १९व्या, २०व्या आणि २१व्या खेळीवर: उंट एच३, मग वजिराचा एफ४वरून शह, मग एचवरचा हत्ती ई१वर. तिन्ही खेळी साध्या दिसतात, पण पुढच्या हल्ल्याला लागणारा प्रत्येक मोहरा त्यांतून आपापल्या जागी येतो.

इंजिन बंद. आधी बंद.

एल ही कळ इंजिन, म्हणजे खेळी मोजून तो आकडा सांगणारा प्रोग्राम, चालू-बंद करते, झेड ही कळ संगणकाचं सगळं विश्लेषण झाकते. दोन्ही पाठ करा. डावाच्या २४व्या खेळीपर्यंत यायच्या आधी पट्टी दिसत असेल तर ती घालवा.

कारण असं. २३व्या खेळीनंतर पट मांडून बघा. पांढरे: राजा बी१, वजीर एफ४, हत्ती डी१ आणि ई१, उंट एच३, घोडा ए५, प्यादी ए३, बी२, सी२, डी५, एफ३, जी३, एच२. काळे: राजा ए७, वजीर डी६, हत्ती डी८ आणि एच८, उंट ए८, घोडा एफ६, प्यादी ए६, बी५, सी५, डी४, एफ७, जी६, एच७. मोजलं तर दोन्ही बाजू समसमान, सात-सात प्यादी. खेळी पांढऱ्याची. कास्पारोवनं इथे डी१च्या हत्तीनं डी४वरचं प्यादं मारलं. सी५चं प्यादं तो हत्ती सरळ खाऊ शकतं.

आता इंजिन चालू असेल तर आकडा एवढंच सांगतो, की काळ्यानं हत्ती न घेता राजा बी६वर नेला तर पांढऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही. हे खरं आहे. राजा स्वतःच घोड्यावर चालून जातो, वजिरांची अदलाबदल होते, हल्ला विरतो. पण हा आकडा आधी दिसला की बघणारा ‘म्हणजे ही खेळी काही खास नव्हती’ असं म्हणून पुढे सरकतो. त्या क्षणी टोपालोवसमोर काय होतं, हे त्याला दिसतच नाही. फुकट मिळणारा हत्ती नाकारायचा, आणि तोही राजाला उघड्यावर एक पाऊल पुढे नेऊन! पटासमोर बसलेल्या माणसाला हे सुचणं किती अवघड, ते कळण्यासाठी आधी स्वतः पंधरा मिनिटं त्या पटाकडे बघावं लागतं. ती पंधरा मिनिटं या साधनात मिळतात, पण इंजिन बंद असेल तरच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्वतः बघा, दोन-तीन शाखा हातानं टाका, त्यांखाली मराठीत कारण लिहा. मग इंजिन चालू करा आणि आपल्या शाखा तपासा. आपली शाखा चुकली असेल तर ती पुसू नका. तिच्यावर प्रश्नचिन्ह लावा आणि खाली ती खोडणारी खेळी नोंदवा. महिन्याभरानं वही उघडाल तेव्हा सर्वांत उपयोगी पान हेच ठरतं.

बळीचा हिशेब बाणांनी

स्टडीतली सर्वांत चांगली गोष्ट बाण. माऊसचं उजवं बटण दाबून ओढलं की हिरवा बाण, शिफ्टसोबत लाल, ऑल्टसोबत निळा, दोन्ही कळा एकत्र दाबल्या तर पिवळा. नुसत्या घरावर उजवं बटण दाबलं तर त्या घराभोवती वर्तुळ. हे बाण त्या खेळीला चिकटून राहतात. रंगांचा अर्थ सुरुवातीलाच ठरवून पहिल्या टिपेत लिहून टाका: हिरवा म्हणजे मोहऱ्याचा ताबा, लाल म्हणजे धमकी, निळा म्हणजे राजाची वाट. सगळे बाण एकाच रंगात काढले तर दहाव्या बाणानंतर पट कोळ्याच्या जाळ्यासारखा होतो.

२४व्या खेळीच्या पटावर हिरवे बाण फक्त तीन काढा. एच३च्या उंटाकडून सी८कडे: काळ्या राजाला मागे सी८ मिळत नाही. ए५च्या घोड्याकडून बी७ आणि सी६कडे: ही दोन्ही घरं घोड्यानं बांधली आहेत. मग ए८च्या काळ्या उंटाभोवती वर्तुळ काढा. डी५वरचं पांढरं प्यादं त्या उंटाचा कर्ण बुजवून बसलं आहे, म्हणजे काळे प्रत्यक्षात एक मोहरा कमी घेऊनच खेळत आहेत. एवढं पटावर उमटलं की हत्तीचा बळी वेडेपणा वाटत नाही. हत्ती जातो तो सी५च्या प्याद्याला डी४वर ओढण्यासाठी. ते प्यादं हललं की वजिराला डी४वरून ए७पर्यंतचा कर्ण मोकळा मिळतो.

टोपालोवनं हत्ती घेतला. २५व्या खेळीला दुसरा हत्ती ई७वर, शह देत, सरळ वजिराच्या तोंडात. ही खेळी नुसती बघून पुढे जाऊ नका, घेतला तर काय होतं ती शाखा टाका. काळ्या वजिरानं ई७वर हत्ती खाल्ला की पांढरा वजीर डी४वर प्यादं मारून शह देतो. राजा बी८, वजीर बी६ शह, उंट बी७वर आडवा. मग घोडा सी६, शह. उंट घोड्याला मारू शकत नाही, कारण तो बी-पट्टीवर राजासमोर बांधला गेला आहे. राजा ए८ आणि वजीर ए७वर मात. या शाखेच्या शेवटी मात होते त्या घरावर लाल वर्तुळ ठेवा. मुलांना शिकवताना इथे थांबून ‘उंट का मारत नाही?’ हा एकच प्रश्न विचारावा, बांधलेला मोहरा म्हणजे काय ते कायमचं लक्षात राहतं.

प्रत्यक्षात राजा बी६वर गेला, वजिरानं डी४वर प्यादं मारून शह दिला, राजानं ए५वरचा घोडा खाल्ला, बी-प्यादं बी४वर शह देत आलं आणि राजा ए४वर. या टप्प्याला टिपेत हिशेब लिहून ठेवा: पांढऱ्यानं एक हत्ती आणि एक घोडा दिला, बदल्यात दोन प्यादी मिळाली. आकड्यांत हा तोटा मोठा आहे. पण काळ्याचे दोन्ही हत्ती आठव्या रांगेवर दूर, उंट कोपऱ्यात बंद, राजा एकटा शत्रूच्या दारात. हल्ल्याच्या जागी किती मोहरे पोचले आहेत तेवढेच मोजायचे, हा नियम इथे डोळ्यांना दिसतो.

एक्स कळ

हिच्यासाठीच स्टडी वापरावी असं म्हटलं तरी चालेल. इंजिन चालू करून एक्स दाबलं की ज्याची खेळी नाही तो काय धमकी देतो आहे, ते लाल बाणानं दिसतं. शांत दिसणाऱ्या खेळींचा जोर कळायला दुसरा इतका सोपा उपाय नाही.

२८व्या खेळीला कास्पारोवनं शह न देता वजीर सी३वर ठेवला. इतका तोटा सोसून शांत खेळी! एक्स दाबा: बाण बी३कडे जातो. वजीर बी३वर आला की सी२च्या प्याद्याचा आधार, ए५ घर बी४च्या प्याद्यानं रोखलेलं, बी५वर काळ्याचंच प्यादं, म्हणजे मात. टोपालोवनं वजिरानं डी५वर प्यादं मारून बी३वर नजर ठेवली. मग हत्ती ए७. पुन्हा एक्स: आता बाण ए६कडे. हत्तीनं ए६ मारलं की राजाला कुठेच घर नाही, आणि काळ्या वजिराला मध्ये पडायचं तर बी५चं त्याचंच प्यादं आड येतं. म्हणून उंटाला बी७वर येऊन मरावं लागलं. कोपऱ्यातून हलला तो जीव द्यायलाच. हत्तीनं तो खाल्ला, आणि काळा वजीर सी४वर आला.

इथे इंजिनचं मत पुढच्या टिपेत नीट नोंदवा. २८व्या खेळीला वजिराऐवजी लगेच हत्ती ए७ ही अधिक नेमकी खेळी होती, असं नंतरच्या विश्लेषणात ठरलं आहे. काळ्यालाही पुढे ३०व्या खेळीला एच८चा हत्ती ई८वर आणून, किंवा ३१व्या खेळीला डी१वर हत्तीचा शह देऊन चिवट झुंज देता आली असती. या तिन्ही शाखा वहीत असायला हव्यात. त्यानं डावाचं मोल कमी होत नाही. उलट दोन्ही बाजूंना केवढी गुंतागुंत मोजावी लागत होती ते कळतं.

मोबाइलवर किंवा जुन्या संगणकावर इंजिनला वेळ द्या. पहिल्या काही सेकंदांचा आकडा अशा पटावर भरवशाचा नसतो, कारण बळीचा मोबदला बऱ्याच खेळींनंतर मिळतो. सेटिंगमध्ये एकाच वेळी पाच शाखांपर्यंत दाखवण्याची सोय आहे, तीन ठेवा. एक ठेवली तर दुसऱ्या चांगल्या खेळी दिसत नाहीत, पाच ठेवल्या तर खोली गाठायला वेळ लागतो. सर्व्हरकडून मागवलेलं विश्लेषण हे स्वयंसेवकांनी उसन्या दिलेल्या संगणकांवर चालतं. ढोबळ चुका पकडायला ते उत्तम, पण अशा डावातल्या बारकाव्यांसाठी स्वतःच्या संगणकावरचं स्टॉकफिश हे इंजिन काही मिनिटं चालू ठेवणं जास्त चांगलं.

शेवटचा तुकडा: एफ१वरचा उंट

३१व्या खेळीला पांढऱ्या वजिरानं एफ६चा घोडा खाल्ला, राजानं ए३चं प्यादं. वजिरानं ए६ मारून शह, राजानं बी४ खाल्लं. सी-प्यादं सी३वर शह देत स्वतःला देतं, राजा तेही खातो. मग वजीर ए१ शह, राजा डी२, वजीर बी२ शह, राजा डी१. निळा बाण इथे कामाला येतो: ए७, बी६, ए५, ए४, ए३, बी४, सी३, डी२, डी१ ही पूर्ण वाट एकाच पटावर निळ्यात काढा. बळी देणाऱ्यानं राजाला आपल्या घराकडे परत जाऊ दिलेलं नाही, ते त्या रेघेत दिसतं.

आणि आता ३६वी खेळी. एच३वर एवढा वेळ उभा असलेला उंट एफ१वर, म्हणजे आपल्या मूळ घरी परत! तो सी४च्या काळ्या वजिरावर चालून जातो आणि राजाची ई२ ही वाटही बंद करतो. वजिरानं उंट खाल्ला तर: वजीर सी२ शह, राजा ई१, हत्ती ई७ शह, वजीर ई२वर आडवा आणि तिथेच मात. ही खेळी या डावातली सर्वांत सुंदर आहे, २४व्या खेळीपेक्षाही. हत्ती फेकणं धाडसी माणसाला सुचू शकतं. पण वादळ चालू असताना उंट शांतपणे मागे नेणं सुचायला पट वेगळ्याच स्वच्छ नजरेनं बघावा लागतो.

टोपालोवनं हत्ती डी२वर आणला, पांढऱ्या वजिरावरच हल्ला. उत्तर: हत्ती बी७वरून डी७. काळा हत्ती डी२वरून बी२चा वजीर मारू शकत नाही, कारण डी-पट्टीवरून हलला की डी७च्या हत्तीपुढे राजा उघडा पडतो. त्यानं डी७ खाल्लं, उंटानं सी४चा वजीर खाल्ला, बी-प्याद्यानं उंट खाल्लं आणि वजिरानं एच८चा हत्ती. इतका वेळ कोपऱ्यात उभा राहिलेला तो हत्ती असा शेवटी हातचा जातो. उरलेल्या खेळी एकदा चालवून बघितल्या तरी पुरे. ४४व्या खेळीनंतर टोपालोवनं डाव सोडला. त्या स्पर्धेत कास्पारोव १३पैकी १० गुणांनी पहिला आला, आनंद साडेनऊ गुणांवर.

शिकवणाऱ्यांसाठी

चॅप्टर करताना ‘अ‍ॅनालिसिस मोड’ निवडता येतो. ‘पुढच्या खेळी लपवा’ हा पर्याय वर्गासाठी उत्तम: ज्यानं चॅप्टर बनवला त्याला पुढच्या खेळी फिकट दिसतात, इतरांना दिसत नाहीत, आणि तो पुढे जाईल तसतशा त्या उघडत जातात. विद्यार्थ्यानं घरी एकट्यानं सोडवायचं तर ‘इंटरॅक्टिव्ह लेसन’. त्यात प्रत्येक खेळीला सूचना देता येते, आणि चुकीच्या उत्तराला कारण लिहिता येतं.

पण सावध. लेसनमध्ये फक्त मुख्य डावातली खेळी बरोबर धरली जाते. २८व्या खेळीला एखाद्या हुशार मुलीनं हत्ती ए७ खेळला तर साधन ते चूक म्हणेल, आणि तिची खेळी तर प्रत्यक्षातल्यापेक्षा सरस! म्हणून तिथे हत्ती ए७ची शाखा मुद्दाम टाका आणि खाली लिहा: ‘ही खेळी उत्तम आहे, कदाचित अधिक चांगली. आता डावात काय झालं ते शोध.’ प्रश्न विचारायच्या खेळी चारच ठेवा: २४, २५, ३६ आणि ३७. बाकी खेळींना सूचनेतच उत्तर द्या. प्रत्येक खेळीला कोडं केलं की मुलं दहाव्या मिनिटाला अंदाजे क्लिक करू लागतात.

हल्ल्याची स्थिती घेऊन संगणकाविरुद्ध डाव खेळताना सुरुवात कुठून करता याला फार महत्त्व आहे. २४व्या खेळीपासून पांढऱ्याकडून खेळायला बसलात तर इंजिन हत्ती खाणारच नाही, राजा बी६वर नेईल आणि हल्ला बघायलाच मिळणार नाही. पट सी-प्याद्यानं हत्ती खाल्ल्यानंतरचा लावा, म्हणजे पांढऱ्याची २५वी खेळी. सुरुवातीला संगणकाची पातळी आठपैकी चौथी किंवा पाचवी ठेवा. आठव्या पातळीवर तो चिवट शाखांनीच खेळेल, ती पुढची पायरी आहे.

वही खासगी, दुवा असलेल्यांपुरती किंवा सर्वांसाठी खुली, अशी ठेवता येते. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी दुवा असलेल्यांपुरती पुरते. चॅप्टरची हलती जीआयएफ प्रतिमाही काढता येते, पण ती पाठवून काम भागत नाही: तीत २८वी आणि ३६वी खेळी इतर खेळींसारखीच सरकून जाते आणि टिपाही दिसत नाहीत.

मोबाइल

वाचायला चालतो, लिहायला नाही. उजवं बटण नाही म्हणजे बाणांची निम्मी मजा गेली, लांब टिपा टाइप करणं त्रासाचं, आणि शाखांची यादी पटाखाली ढकलली जात असल्यानं दर वेळी वर-खाली करावं लागतं. घरात संगणक नसलेल्या मुलांची संख्या लक्षात घेता ही उणीव छोटी नाही. तोवर उपाय असा: वही शिक्षकानं संगणकावर तयार करावी, मुलांनी मोबाइलवर लेसन सोडवावा, आणि शाखा लिहायची वेळ आली की लाकडी पट समोर घेऊन वहीच्या कागदावर लिहाव्यात. लाकडी पटावर २५वी खेळी करताना हत्ती हातानं उचलून वजिरासमोर ठेवावा लागतो, आणि तो ठेवताना हात थोडा थबकतोच.